आठ दिवस कोरडे

लडाखच्या हवामान केंद्रावर माझी नेमणूक झाल्याचं कळलं, तेव्हा बाईनं पहिलाच प्रश्न विचारला, "तिथं पाणी किती पडते?"

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. मी पुस्तकात पाहून सांगितलं, की आपल्याकडे एका चांगल्या झडीत पडतं तेवढं तिथं वर्षभरात पडतं.

"मंग तुले तिथं काऊन पाठवून राह्यले? मोजाले आहे काय तिथं?"

मी हसलो, पण प्रश्न खोटा नव्हता. जळगाव जामोदच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथं माणूस पाण्याशिवाय दुसरं काही मोजण्यासारखं मानतच नाही. मी निरीक्षक होतो. झरोक्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीतले तापमापक वाचायचे, वाऱ्याची दिशा लिहायची, ढगांचे प्रकार लिहायचे. ऊन किती तास पडलं ते मोजायला एक काचेचा गोळा असे. ऊन त्यातून खालच्या पुठ्ठ्यावर पडे आणि पुठ्ठा जळत जाई. लडाखच्या सप्टेंबरात ती जळकी रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असायची.

बाई लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माहेरी परत आली होती. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि वडिलांनी विचारलं नाही. आई-वडील पाठोपाठ गेले. मी शिकत होतो. सहा एकर वावर तिनंच ओढलं. मी नोकरीला लागलो तेव्हा गावात सगळीकडे बीटी कापूस आला होता. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड; देशी पऱ्हाटी वडिलांच्या पिढीबरोबर संपली. फवाऱ्याचे फेरे सुरुवातीला कमी झाले, हे खरं. पण या नव्या झाडाला सगळं वेळेवर लागे. पाण्याचा थोडा ताण पडला की पानं लाल पडत, पाणी जास्त झालं की पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, गळत. बाई म्हणायची, "मोठ्या घरच्या सुनेसारखी आहे बाप्पा ही. हिचं मन सांभाळता सांभाळताच दिवस जाते."

त्या वर्षांत वऱ्हाडात शेतकरी जीव देत होते, आणि तिकडून अवेळी फोन आला की मी तो लगेच उचलत नसे. पलीकडच्या गावातला माझा शाळेतला एक सोबती गेला, तो असाच एका फोननं कळला. म्हणून मी बाईला बजावून ठेवलं होतं, की काही असो नसो, रविवारी सकाळी फोन करायचा. ती करायची. पीक कसं आहे ते सांगायची आणि शेवटी विचारायची, "पाणी येते काय रे?"

"बाई, मी इथलं पाहतो. तिथलं मला काय दिसणार?"

"आभाळ तर एकच आहे न!"

पहिली दोन वर्षं मी असंच टाळत राहिलो.

लडाखमध्ये मी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात भाड्यानं राहत होतो. सगळे त्यांना अमा-ले म्हणत. अमा म्हणजे आई, आणि 'ले' हा तिथला मानाचा शब्द, आपल्या 'जी'सारखा. मातीचं दुमजली घर, छपरावर वाळत घातलेले जर्दाळू आणि मागं जवाचं शेत. आजूबाजूला जिथवर नजर जाईल तिथवर उघडा डोंगर आणि वाळू. त्या उजाड वाळवंटात मधेच हिरवा रुमाल पसरल्यासारखं ते शेत दिसे. पाऊस नाही, तरी पीक. वरच्या बर्फाचं पाणी चरातून पाळीपाळीनं येई.

तिथं सप्टेंबर हा घाईचा महिना. जव कापायचा, मळायचा, वारवायचा म्हणजे वाऱ्यावर उपणायचा, गवत छपरावर चढवायचं. पुढं खिंडी बंद होतात. आमचे साहेब दर शुक्रवारी पुढच्या आठवड्याचा अंदाज लिहीत आणि मी त्याची हिंदी प्रत करून बसस्थानकाच्या फळ्यावर लावत असे. 'आकाश निरभ्र राहील. दुपारनंतर जोराचे वारे. उंच खिंडींवर हलका हिमपात संभवतो. रात्री पारा शून्याखाली.' ट्रकवाले थांबून वाचत. मला त्याचा अभिमान वाटे. जणू अंदाज माझाच.

दुसऱ्या सप्टेंबरात एकदा अमा-लेंचा जव खळ्यावर पडलेला असताना पश्चिमेकडून ढग येताहेत, असं मला आकड्यांवरून वाटलं. मी त्यांना हिंदीत सांगितलं, "कल तक ढक दो." त्यांनी समोरच्या शिखराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि ढीग झाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फमिश्रित पाऊस झाला. शेजारच्या दोन घरांचा जव भिजला. त्या संध्याकाळी अमा-लेंनी मला लोणी घातलेला चहा दोनदा वाढला. पुढच्या सप्टेंबरात आणखी दोनदा माझं बरोबर आलं. मग गल्लीतली माणसं मला वाटेत थांबवून विचारू लागली. अंदाज करणारा मी नव्हे, मी नुसता तापमापक वाचणारा; पण ते त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

अशा मनःस्थितीत त्या वर्षीचा बाईचा फोन आला. नवरात्राच्या आधीचे दिवस होते. खालच्या वावरातला कापूस फुटायला लागला होता.

"अर्धा फुटला, अर्धा फुटून राह्यला," ती म्हणाली. "बाया सोमवारी मोकळ्या आहेत. सोमवारीच वेचू, की आठ दिवस थांबू? थांबली तर एकाच वेचणीत सगळा येते."

मी खोलीच्या खिडकीशी उभा होतो. बाहेर आकाश इतकं निळं होतं की त्याकडे पाहून डोळे दुखावेत. राजस्थानातून पावसाळा मागं फिरल्याची बातमी चार दिवसांपूर्वीच आली होती. मला वाटलं, आता खाली काय उरलंय?

"थांब," मी म्हणालो. "आठ दिवस कोरडे जातील."

"पक्कं?"

"पक्कं. पावसाळा मागं फिरला."

"रेडिओ तर तुरळक ठिकाणी म्हणून राह्यला."

"तो रोजच म्हणते तसं," मी म्हणालो. घरची बोली आपोआप तोंडात आली, आणि बोलण्यात ठसका आला. बाई समाधानानं म्हणाली, "तुले समजते ते रेडिओले काय समजते!"

ते वाक्य मला फार आवडलं होतं, हेही इथं सांगायला हवं.

पुढच्या रविवारी तिनं दोन वाक्यांत फोन उरकला; त्याच्या पुढच्या रविवारी तो उशिरा आला. मी विचारलं, "वेचला का?"

"हाव, झालं."

"पाणी नाही न आलं?"

"थोडंसं शितडलं. तू जेवते का बराबर? थंडी लागली असंल न आता तिकडे?"

मी जेवणाचं सांगत बसलो. केंद्रावर रोज देशभरचे आकडे येत. त्यात आमच्या भागाचे आकडे मी त्या आठवड्यात पाहिले असते तर सगळं कळलं असतं. आमच्या केंद्रावर नव्या यंत्राची जुळवणी चालू होती, वेळ नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. वेळ होता. मला तपासावंसं वाटलं नव्हतं.

दिवाळीला रजा मिळाली. पहाटे नांदुऱ्याला गाडीतून उतरलो आणि जळगाव जामोदची एस. टी. धरली. तिथून गावाच्या काळीपिवळी जीपमध्ये बसलो तर समोरच्या बाकावर आमच्या वावरात वर्षानुवर्षं कापूस वेचायला येणारी मावशी. मी जयभीम घातला. तिनं जयभीम घेतला, पण नेहमीसारखी बोलेना. खिडकीतून बाहेर बघत राहिली. मीही बाहेर बघितलं. पऱ्हाट्या काळसर दिसत होत्या. झाडांवर खालच्या बाजूला बोंडं कुजून सुकलेली.

"मावशी, असं काऊन दिसते?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुह्या बाईनं सांगतलं नाही काय तुले?"

"काय?"

"आता मी काऊन सांगू बाप्पा." मग स्वतःच सांगू लागली. "तीन दिवस पाणी होतं. सारखं. आमी सोमवारची वाट पाहून राह्यलो होतो. बाई म्हणे, आठ दिवस थांबा, माह्या भावानं सांगतलं. तुमच्या बांधाबाजूच्यानंही थांबवलं, त्या पिंजारी चाचानंही थांबवलं. मंग पाणी आलं न. बोंडातच सरकीले कोंब फुटले. आमची वेचाई गेली, त्याईचा कापूस गेला."

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं. आजूबाजूच्या चार माणसांनी ऐकलं असणार. गाव येईपर्यंत मी पायाशी ठेवलेल्या बॅगेचा पट्टा धरून बसलो.

घरी बाई चुलीशी भाकरी थापत होती. ओसरीवर कापसाचा ढीग पडलेला होता, पिवळा, गोळे झालेला, दमट वासाचा. मी बॅग ठेवली आणि त्या ढिगाशीच बसलो. बाईनं मला पाहिलं आणि ओळखलं.

"कोणं सांगतलं?"

"तू काऊन नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तू तिथं एकटा, त्या डोंगरात. तिथून काय पाणी थांबवणार होता?"

"पण मी म्हणालो होतो पक्कं."

"म्हणाला होता." तिनं तव्यावर भाकरी टाकली. "आन् म्या रेडिओ बंद केला होता. तो माह्याच हातानं बंद केला न? उगवतीचा वारा दोन दिवसापासून होता. तो मले समजत होता. लहानपणापासून समजते. पण मी म्हटलं, माहा भाऊ हवामानातला साहेब आहे."

"मी साहेब नाही, बाई. मी आकडे वाचतो. अंदाज दुसरे करतात."

तिचा हात थांबला. "हे तू कधी सांगतलं नाही."

"नाही."

 भाकरी फुगली, तिनं ती ताटात काढली, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि ताट माझ्यापुढं सरकवलं. "खाय," ती म्हणाली. "दोन दिवसाचा गाडीत आहे तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिघांच्या घरी गेलो. कोणी जा म्हटलं नव्हतं. मावशीकडे आधी गेलो. तिनं चहा केला आणि म्हणाली, पुढच्या वर्षी वेचणीचं तुह्या बाईलेच ठरवू दे. मग बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्याकडे गेलो. तो बैलाला पाणी पाजत होता. त्यानं बादलीवरून मान वर केली नाही. माझं सांगून झालं तेव्हा म्हणाला, "तुमचा पगार थांबला नसंल." एवढंच. मी हो म्हणून उभा राहिलो. बैलाचं पाणी पिऊन होईपर्यंत उभा होतो, मग निघालो. तो चुकीचं बोलला असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तिसरे चाचा. त्यांचं चार एकर वावर आमच्या खालच्या अंगाला, आणि घरी कापूस पिंजून गाद्या-रजया भरण्याचा पिढीजात धंदा. माझे वडील आणि ते बरोबरीचे. ओट्यावर बसवून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि आपला डावा गुडघा थोपटला.

"बेटा, पाणी यायचं असलं तर हा घुटना दोन दिस आधी ठणकते. तीस बरसापासून. या बार हा पण चूप बैठला. तुह्यावर गुस्सा करू, का याच्यावर?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. चाचांनी तिकडे पाहिलं नाही. म्हणाले, "तुह्या घरचा तो पिवळा माल कोणी घेत नाही. माह्याकडे आण. सरकी काढू, उन्हात टाकू, पिंजू. बाजारात नाही चालत, रजईत चालते."

दिवाळीचे चार दिवस मी त्यांच्या अंगणात काढले. बाई, मी आणि चाची कोंब फुटलेली सरकी वेगळी काढत बसायचो. हातांना काळपट डाग पडायचे.  पण एकत्र बसून काम करताना जे हलकं वाटतं ते वाटत होतं. चाचा धनुष्यासारख्या पिंजणीची तार टणटण वाजवत. कापूस उडून त्यांच्या भुवयांवर बसे. निघायच्या दिवशी त्यांनी एक जाड रजई माझ्या हातात दिली. बाईनं तिला आपल्या जुन्या दोन लुगड्यांची खोळ शिवली होती. लडाखचे पुढचे सगळे हिवाळे मी ती अंगावर घेतली. तिला पावसाचा थोडा वास शेवटपर्यंत राहिला.

जाण्यापूर्वी मी अंगणात एक पर्जन्यमापक बसवला. साधाच. पत्र्याचं नळकांडं, आत नरसाळं आणि खाली बाटली. मोजायला रेघा मारलेला काचेचा पेला. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, हे बाईला दाखवलं. तिला वाटलं, मी तिला काहीतरी काम देऊन माझं मन हलकं करतोय. तसंही असेल. पण तिनं वही सुरू केली.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात मी रविवारी फोनवर तिला तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगू लागलो. इथं आकाश कसं आहे. रेडिओचा आणि आमच्या मोठ्या कार्यालयाचा अंदाज काय म्हणतो. आणि मला काय माहीत नाही. तिसरी गोष्ट सांगायला जीभ जड व्हायची. बाई ऐकून घ्यायची आणि तिच्या वहीतलं वाचायची. तिनं नुसता पाऊस लिहिला नव्हता. 'सकाळी उगवतीचा वारा. चिमण्या धुळीत. जनावर चारा सोडून उभं.' त्या वर्षी तिनं कापूस दोन वेचण्यांत काढला. पहिल्या वेचणीत अर्धाच आला, मजुरी दोनदा लागली, आणि मधे एक थेंबही पडला नाही. मी विचारलं, वाईट वाटलं का? "नाही," ती म्हणाली. "झोप लागली न."

त्याच्या पुढल्या वर्षी पोळ्याला मी घरी आलो होतो. जाताना सहज म्हणालो, "चल ना बाई, लडाख बघून ये." ती नाही म्हणेल असं धरून चाललो होतो. तिनं चाचांकडे जाऊन विचारलं, वावर पाहाल काय महिनाभर? आणि परत येऊन ट्रंक काढली.

नांदुऱ्याहून आगगाडी, मग दोन-तीन गाड्या बदलून पुढं डोंगरातली बस. बाई सगळा वेळ खिडकीशी. झाडं कमी होत गेली, मग संपलीच. नुसते तांबडे, करडे, जांभळे डोंगर. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "इथलं सगळं कोणी वेचून नेलं रे?"

पहिले दोन दिवस उंचीनं तिचं डोकं दुखलं. अमा-लेंनी तिला अंगणात उन्हाला बसवलं, कोमट पाणी पाजलं आणि सारखं काहीतरी समजावत राहिल्या. दोघींची भाषा एक नाही. अमा-लेंना मोडकं हिंदी येई, बाईला रेडिओवरचं. मी कामावरून आलो तर बाई हसत होती.

"ही बाई मले सारखी ले-ले करून राह्यली. मी म्हटलं, इथं आपली वऱ्हाडी कुठून आली? मले, तुले!"

मी तिला त्या 'ले'चा अर्थ सांगितला. तेव्हापासून ती अमा-लेंना 'अमा-ले' म्हणू लागली आणि अमा-ले तिला 'बाई-ले'. मग आपल्या बोलीतही तिनं गंमत सुरू केली, "अमा-लेले चहा दे."

तिसऱ्या दिवशी ती शेतात गेली. जव कापून झाला होता. खळ्यावर जनावरं गोल फिरवून मळणी चालली होती. बाईनं कोणाला न विचारता पदर खोचला. चरातून झुळझुळ येणारं पाणी तिनं हातात घेऊन पाहिलं. एवढ्या कोरड्या डोंगरात हे येतं कुठून, विचारलं. अमा-लेंनी वर बोट केलं, दूर शिखरावरच्या पांढऱ्या ठिपक्याकडे. बाई कितीतरी वेळ त्या ठिपक्याकडे बघत उभी राहिली. "म्हणजे याईचं पाणी वर ठेवलेलं आहे," ती म्हणाली. "दिसते तरी. आपल्याले दिसतच नाही कुठं आहे ते." एवढं बोलून तिनं दाताळं उचललं.

दुपारी वारवायला सुरुवात झाली आणि वारा पडला. दोघी-तिघी बायका हातात लाकडी दाताळी धरून उभ्या. तेव्हा अमा-लेंनी ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली, लांब, हळू, चढत जाणारी. तिथं वाऱ्याला अशी शीळ घालून बोलावतात. शेजारणीनंही घातली. बाई चकित झाली. आमच्या गावात बाईमाणसानं शीळ घातली तर काय काय ऐकावं लागे! लहानपणी ती बोरं पाडताना शीळ घालायची आणि आईचा रट्टा खायची, हे मला तेव्हा आठवलं.

अमा-लेंनी तिला खूण केली, तू पण.

बाईनं इकडेतिकडे बघितलं. मी दिसलो. मी दुसरीकडे तोंड फिरवलं. मग मला मागून ऐकू आली, आधी नुसती हवा, मग फुटकी, मग चांगली मोकळी, उंच शीळ. बायका ओरडल्या. थोड्या वेळानं खरंच वारा आला. तिथं दुपारी तो येतोच, माझ्या वहीत रोजची नोंद आहे. पण मी ते बोललो नाही. भुस्सा एका बाजूला उडत गेला, दाणा सरळ खाली पडू लागला. बाईच्या केसांत, भुवयांत सोनेरी कुसं अडकली. तिच्या चेहऱ्यावर वीस वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. मी वळून पाहिलं तेव्हाही ती शीळच घालत होती.

दोन दिवसांनी सकाळी पश्चिमेला ढग दिसले. धान्य अजून खळ्यावर होतं. फळ्यावर मीच लावलेला अंदाज होता, 'आकाश मुख्यतः निरभ्र, हलक्या हिमपाताची शक्यता'. अमा-लेंनी मला विचारलं, "क्या बोलता है?"

"मालूम नहीं, अमा-ले," मी म्हणालो. "गिर भी सकता है, नहीं भी."

अमा-लेंनी शिखराकडे पाहिलं, बाईनं वाऱ्याकडे तोंड केलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि ताडपत्री ओढायला घेतली. मी दगड आणून कडांवर ठेवले. दिवसभर ढग राहिले. काहीच पडलं नाही. संध्याकाळी ताडपत्री काढताना दोघी एवढ्या हसत होत्या की शेजारच्या छपरावरून कोणीतरी डोकावून पाहिलं.

बाई ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी निघाली. चाचांचा फोन आला होता, कापूस फुटायला लागलाय. बसस्थानकावर गाडी सुटायला वेळ होता, तर तिनं फळ्यावरचा माझा कागद मोठ्यानं वाचून काढला. "शक्यता, शक्यता, शक्यता. कितीदा लिहिलं रे?" मी म्हणालो, साहेब सुट्टीवर आहेत, यावेळचा मसुदा मीच केला. "चांगला आहे," ती म्हणाली आणि अमा-लेंनी दिलेली जर्दाळूंची पिशवी मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. पोचल्यावर फोन केला. "पोचली. सकाळपासून बाया लावल्या. अमा-लेचा जव दळून झाला काय?"

पुढच्या वर्षी माझी बदली झाली, मग लग्न झालं. बीटीवर गुलाबी बोंडअळी आली ती बऱ्याच वर्षांनी. वरून हिरवं, टपोरं बोंड, आणि फोडलं की आत किडकी सरकी. त्या साली आमच्या पट्ट्यात कोणाच्याच घरात धड कापूस आला नाही. नोव्हेंबरात बाईचा फोन आला. आवाज शांत होता.

"अर्धी पऱ्हाटी उपटून टाकली," ती म्हणाली. "चाचानं पण टाकली. ओल आहे अजून. हरभरा पेरून राह्यली. तुले रजा भेटते काय? येत असला तर ये. पेरता तुले येत नाही, पण तिफण धराले माणूस पाह्यजे."

मी दुसऱ्याच दिवशी निघालो. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचलेले होते. पूर्वी ज्यानं बादलीवरून मान वर केली नव्हती तो शेजारी आपली बैलजोडी घेऊन आला होता; आमचा एक बैल म्हातारा झाला होता. त्यानं जू बैलांच्या मानेवर ठेवलं आणि मला म्हणाला, "सरळ धरा. तास वाकडं नेऊ नका." चाचा बांधावर बसून सूचना देत होते. बाई तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरून दाणे सोडत पुढं-मागं चालत होती. पहिलं तास, म्हणजे पेरणीची पहिली रेघ, वाकडंच गेलं. दुसरंही. तिसरं सरळ गेलं, तेव्हा शेजाऱ्यानं बैल पुढच्या तासाला वळवले. आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत पेरलं, मग बांधावर बसून चाचीनं पाठवलेली भाजी-भाकरी खाल्ली आणि पुन्हा उठलो.